तिवराचं लाकूड आणि एकशेवीस कोटी पिक्सेल

तिवराच्या लाकडाचा आडवा छेद सॅफ्रॅनिन या तांबड्या रंगाने रंगवून मायक्रोस्कोपखाली ठेवला की तांबड्या जाळीत पांढरी भोकं दिसतात. या जलवाहिन्या. तिवर हे कांदळवनातलं झाड, भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभं असतं. मुळं बरंचसं मीठ बाहेरच अडवतात, तरीही आत आलेलं मीठ पानांवरच्या ग्रंथी बाहेर टाकतात, आणि मुळापासून पानापर्यंतचा सगळा प्रवास पाणी या नळ्यांतून करतं. ऐरोलीच्या पुलावरून मुलुंडला येताना दोन्ही बाजूंना जो हिरवा पट्टा दिसतो, त्यात तिवरच जास्त. माझ्या पीएचडीचा प्रश्न या नळ्यांचा आहे. ठाणे खाडीत जिथे पाणी जास्त खारं, तिथलं तिवर नळ्या अरुंद आणि संख्येने जास्त करतं का?

प्रश्नामागचं कारण असं. खाऱ्या चिखलातून पाणी ओढायला झाडाला जास्त ताण द्यावा लागतो. ताण फार वाढला की नळीतल्या पाण्यात हवेचा बुडबुडा शिरतो आणि ती नळी कामातून जाते. शंभर अरुंद नळ्यांतली एक गेली तर झाडाचं फारसं बिघडत नाही; दहा रुंद नळ्यांतली एक गेली तर फटका बसतो. केनियातल्या गाझी खाडीतल्या कांदळवनांवर या विषयाचं काम झालेलं आहे. आपल्याकडे पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी उतरतं, उन्हाळ्यात खारेपणा चढतो. एकच झाड वर्षभरात दोन्ही टोकं बघतं. म्हणून इथलं उत्तर इथल्याच लाकडात शोधायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लाकूड मिळवणं सोपं नाही, आणि नसावंच. कांदळवनं तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये अंतरिम बंदी घातली आणि २०१८ च्या निकालात ती कायम केली. वनविभागाच्या कांदळवन कक्षाची परवानगी काढून मी वाऱ्यापावसात मोडून पडलेल्या ताज्या फांद्याच घेते. त्यामुळे हाती येणारा प्रत्येक छेद मोलाचा. त्यातली एकूण एक वाहिनी मोजली जावी, हा माझा हट्ट तिथून सुरू झाला.

आमच्याकडे मोजायची जुनी पद्धत म्हणजे मायक्रोस्कोपला कॅमेरा लावायचा, छेदावरच्या दहा-पंधरा जागांचे फोटो काढायचे, त्यातल्या वाहिन्या मोजायच्या आणि सरासरी काढायची. शितावरून भाताची परीक्षा. बऱ्याच झाडांना ती चालते, तिवराला चालत नाही. तिवराच्या लाकडात जलवाहिन्यांच्या पट्ट्यांमध्ये रसवाहिन्यांचे मऊ पट्टे पुन्हा पुन्हा येतात. ही वलयं वर्षाला एक अशीही पडत नाहीत. कॅमेरा कुठल्या पट्ट्यावर थांबला त्यावर उत्तर बदलतं. सगळं शिजल्यावर भाताचं प्रत्येक शीत सारखं असतं, तिवराचा प्रत्येक चौरस मिलिमीटर सारखा नसतो.

परळच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये स्लाइड स्कॅनर आहे, काचेवरचा अख्खा छेद एकाच मोठ्या इमेजमध्ये उतरवणारं यंत्र. तिथल्या मॅडमनी शनिवारी दुपारी, त्यांचं काम संपल्यावर, माझ्या स्लाइड्स लावू दिल्या. तिथून या लेखाचा खरा विषय सुरू होतो.

माझा छेद साधारण वीस मिलिमीटर लांब आणि पंधरा रुंद. स्कॅनर वीस पटीच्या लेन्सवर एका पिक्सेलला अर्धा मायक्रॉन घेतो; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणजे लांबीत चाळीस हजार पिक्सेल, रुंदीत तीस हजार. गुणाकार केला तर १२० कोटी पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट, म्हणजे ३.६ जीबी. डिस्कवर फाइल दाबलेली असते म्हणून काहीशे एमबीच दिसते, पण मोजायला उघडली की ती पुन्हा फुगते. चाळीस पटीवर स्कॅन केलं तर पिक्सेलही चौपट आणि जीबीही चौपट. इमेज मोजायच्या फिजीसारख्या प्रोग्रॅममध्ये एका सपाट इमेजला २१४ कोटी पिक्सेलची मर्यादा आहे, कारण त्यामागची जावा भाषा एका ओळीत तेवढेच घटक मोजू शकते. वीस पटीवरचा माझा छेद त्यात कसाबसा बसतो, चाळीस पटीवरचा बसतच नाही. आणि बसला तरी रंगीत इमेजला तिथे पिक्सेलमागे चार बाइट लागतात, एक प्रत काढली की दुप्पट. सोळा जीबीचा लॅपटॉप धापा टाकतो.

स्कॅनरबरोबर कंपनीचं सॉफ्टवेअर येतं. मोजणीचा भाग त्या लॅबमधल्या एकाच कॉम्प्युटरवर चालायचा, वेगळा परवाना होता, आणि शेवटी एक आकडा द्यायचा. कुठली भोकं धरली, कुठली सोडली, कडा कुठे मानली, हे दाखवायचा नाही. परीक्षकांनी विचारलं असतं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला आकड्यापेक्षा रेषा हव्या होत्या. प्रत्येक वाहिनीभोवती सॉफ्टवेअरने ओढलेली रेषा, जी मी डोळ्यांनी बघू शकेन आणि चुकली तर पुसू शकेन.

सगळ्यात आधी फाइल उघडण्याचा प्रश्न. स्कॅनर कंपन्यांचे फॉरमॅट वेगवेगळे, पण इथे दोन खुल्या लायब्ररींनी, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचांनी, मोठं काम करून ठेवलं आहे. ओपनस्लाइड ही कार्नेगी मेलन विद्यापीठात तयार झाली आणि बऱ्याच प्रमुख स्कॅनरांच्या फाइल वाचते. बायो-फॉरमॅट्स मायक्रोस्कोपीचे दीडशेहून जास्त फॉरमॅट वाचते. त्यांच्यामागे बसलेल्या माणसांनी एकेका बंद फॉरमॅटची कवाडं उघडली, म्हणून मुलुंडच्या घरात बसून मी परळची स्लाइड बघू शकते. मला याबद्दल फार कृतज्ञता वाटते.

फाइल उघडली तेव्हा कळलं की आत एक इमेज नसतेच. एकाच छेदाच्या चढत्या-उतरत्या आकाराच्या प्रती थरांत रचलेल्या असतात. त्याला पिरॅमिड म्हणतात. साधारणपणे प्रत्येक वरच्या थरात लांबी-रुंदी अर्धी, म्हणजे पिक्सेल पाव. पाव अधिक त्याचा पाव अधिक त्याचा पाव, अशी बेरीज केली तर सगळे वरचे थर मिळून मूळच्या एक तृतीयांशच होतात. तेवढ्या जागेच्या मोबदल्यात मोठी सोय मिळते. शिवाय प्रत्येक थर छोट्या चौकोनांत कापून ठेवलेला असतो, २५६ किंवा ५१२ पिक्सेलचे चौकोन. स्क्रीनवर जेवढा भाग दिसतोय तेवढेच चौकोन डिस्कवरून वाचले जातात. क्यूपाथ या स्लाइड बघायच्या-मोजायच्या सॉफ्टवेअरमध्ये ३.६ जीबीची इमेज माउसच्या चाकाने अशी सरकते की तिच्या आकाराची आठवणही राहत नाही.

क्यूपाथ मूळचं बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातलं. पीट बँकहेड यांनी ते कॅन्सरच्या ऊतींच्या स्लाइड मोजायला सुरू केलं, २०१७ मध्ये त्यावरचा शोधनिबंध आला, आता काम एडिनबरा विद्यापीठात चालतं. झाडाच्या लाकडासाठी ते बनवलेलं नाही, पण काहीच अडत नाही. इमेजचा प्रकार निवडताना रक्ता-मांसाचे नेहमीचे रंग सोडून 'इतर' निवडायचं आणि सॅफ्रॅनिन, फास्ट ग्रीन हे आपले रंग स्वतः दाखवून द्यायचे. दोन रंग एकमेकांत मिसळलेले असले तरी गणिताने वेगळे करता येतात. सॅफ्रॅनिन लिग्निन (लाकडाला कडकपणा देणारा पदार्थ) असलेल्या भिंतींना धरतं, हे वनस्पतिशास्त्राच्या विद्यार्थ्याला माहीत असतंच. तीच माहिती इथे कॉम्प्युटरला उपयोगी पडते. आणखी एक गोष्ट मला फार आवडली. क्यूपाथ मूळ इमेजला हातच लावत नाही. ओढलेल्या रेषा, निवडलेले भाग, मोजमापं, सगळं प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळं राहतं.

आता मोजणी. मोठी इमेज हाताळायचा रूढ मार्ग म्हणजे तिचे तुकडे करा, एकेक तुकडा मेमरीत आणा, मोजा, सोडून द्या. पायथनमध्ये डास्क ही लायब्ररी हे काम सांभाळते: आपण पूर्ण इमेजवर काय करायचं ते लिहितो, ती प्रत्यक्षात गरजेपुरताच तुकडा वाचते. मी हे शिकले. पण तुकडे केले की दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात, आणि त्या कोणी आधी सांगत नाही म्हणून इथे लिहिते.

पहिली, उंबरठ्याची. पांढरं कुठे संपलं आणि तांबडं कुठे सुरू झालं हे ठरवायला ओत्सुची पद्धत वापरतात. नोबुयुकी ओत्सु यांनी ती १९७९ मध्ये मांडली. इमेजमधल्या पिक्सेलचे दोन गट सगळ्यात स्पष्ट वेगळे होतील अशी उजळपणाची किंमत ती शोधते. पद्धत उत्तम, पण तिला दोन गट करायचेच असतात. एखाद्या तुकड्यात एकही वाहिनी नसेल, नुसते तंतू असतील, तरी ती तंतूंचेच दोन गट करून देते आणि वाहिन्या नसलेल्या जागी वाहिन्या उगवतात. म्हणून उंबरठा पूर्ण छेदावरून एकदाच काढायचा आणि सगळ्या तुकड्यांना तोच लावायचा.

दुसरी, कडेची. तुकड्याच्या सीमेवर सापडलेली वाहिनी दोन अर्ध्या म्हणून मोजली जाते. यासाठी तुकडे एकमेकांवर थोडे चढवून घ्यायचे. माझ्या छेदातली मोठ्यातली मोठी वाहिनी सव्वाशे मायक्रॉनची, म्हणजे अडीचशे पिक्सेल. तर २५६ पिक्सेल चढवले की प्रत्येक वाहिनी कुठल्या ना कुठल्या तुकड्यात अखंड दिसते. मग तिचा मध्यबिंदू ज्या तुकड्याच्या हद्दीत, त्या तुकड्याच्या खात्यात ती जमा. दुबार नोंद नाही, अर्धी नोंद नाही.

हे सगळं जमल्यावरही मला वाटत राहिलं की १२० कोटी पिक्सेल चाळून काढायची गरज आहे का? साठ मायक्रॉनचं भोक शोधायला अर्ध्या मायक्रॉनचा पिक्सेल लागतो का? पिरॅमिडचा दोन पायऱ्या वरचा थर घेतला तर पिक्सेल दोन मायक्रॉनचा होतो आणि अख्खा छेद दहा हजार गुणिले साडेसात हजारांत मावतो. साडेसात कोटी पिक्सेल, २२५ एमबी. कोणत्याही साध्या लॅपटॉपच्या मेमरीत तो एकसंध बसतो. तुकडे नाहीत, कडा नाहीत, उंबरठा आपोआप पूर्ण छेदाचा. वीस मायक्रॉनची बारीक वाहिनीसुद्धा तिथे दहा पिक्सेल रुंद दिसते. मोजणीला तेवढं पुरतं.

संख्येला पुरतं, व्यासाला मात्र पुरत नाही. नळीतून किती पाणी वाहू शकतं हे त्रिज्येच्या चौथ्या घातावर ठरतं. व्यास पाच टक्क्यांनी जास्त मोजला तर वहनक्षमता साडेएकवीस टक्क्यांनी जास्त येते. आता दोन मायक्रॉनच्या पिक्सेलवर कडा दोन्ही बाजूंना एकेक पिक्सेल सरकली असं धरा. साठ मायक्रॉनच्या नळीत चार मायक्रॉनचा फरक पडला, म्हणजे पावणेसात टक्के, आणि वहनक्षमतेत जवळपास तीस टक्के. तीस मायक्रॉनच्या नळीत तोच एक पिक्सेल पासष्ट टक्क्यांचा होतो. आणि माझा सगळा प्रश्न अरुंद नळ्यांचा. जिथे उत्तर दडलंय तिथेच चूक सगळ्यात मोठी.

म्हणून शोधायचं लहान थरावर आणि मोजायचं मोठ्यावर. दोन मायक्रॉनच्या थरावर वाहिन्यांच्या जागा शोधायच्या, प्रत्येकीचा मध्यबिंदू घ्यायचा, त्याला चारने गुणून मूळ थरावरची जागा काढायची आणि फक्त त्या वाहिनीभोवतीची तीनशे गुणिले तीनशे पिक्सेलची खिडकी मागायची. एक खिडकी म्हणजे २७० केबी. तिथे अर्ध्या मायक्रॉनवर कडा नीट शोधायची, क्षेत्रफळ आणि व्यास काढायचा, खिडकी बंद करायची, पुढच्या वाहिनीकडे जायचं. लॅपटॉपचा पंखासुद्धा फार फिरत नाही. छेदाचा बहुतेक भाग तंतूंचा, तो पूर्ण आकारात कधी वाचलाच जात नाही.

हीच रीत जोडवाहिन्यांना कामी येते. तिवरात वाहिन्या बऱ्याचदा ओळीने एकमेकींना चिकटून असतात, मधे एकच पातळ भिंत, तीन-चार मायक्रॉनची. लहान थरावर ती भिंत एक-दोन पिक्सेलची उरते, विरघळून जाते आणि दोघी मिळून एक लांबट भोक दिसतं. मोठ्या थरावर तीच भिंत सहा-आठ पिक्सेलची तांबडी रेघ असते. तेव्हा लहान थरावर गोलाईचा आकडा बघायचा: क्षेत्रफळाला ४π ने गुणायचं आणि परिघाच्या वर्गाने भागायचं. पूर्ण वर्तुळाला एक येतो, लांबट आकाराला कमी. आकडा कमी आला की खिडकी उघडून विचारायचं, तू एकटी आहेस की दोघी?

पण गोलाई कमी असण्याचं आणखी एक कारण असतं, आणि ते मला कॉम्प्युटरने नाही, मामांनी दाखवलं. आमच्या डिपार्टमेंटचे मामा कित्येक वर्षं मायक्रोटोमवर, म्हणजे पातळ काप काढायच्या यंत्रावर, छेद घेताहेत. वीस मायक्रॉनचा छेद ब्रशच्या टोकाने पात्यावरून उचलताना त्यांचा हात बघण्यासारखा असतो. एकदा रेषा ओढलेली इमेज स्क्रीनवर होती, मामा चहाचा कप घेऊन मागे उभे राहिले आणि एका भोकावर बोट ठेवलं.

"मॅडम, ही नळी नाही."

"कशावरून, मामा?"

"इथं मऊ पट्टा असतो. पातं बोथट झालं की तो ओढला जातो, भोक पडतं. कड बघा ना, फाटल्यासारखी आहे. नळीची कड अशी नसते, तिला तांबडी रिंग असते."

मी खिडकी मोठी केली. खरोखरच, वाहिनीभोवती लिग्निनची तांबडी कड सलग होती आणि त्या भोकाभोवती हिरवट चिंध्या. रसवाहिन्यांचा पट्टा छेद घेताना निघून गेला होता. मामांचं वाक्य मी जसंच्या तसं नियमात घातलं: प्रत्येक भोकाभोवती पाच मायक्रॉन रुंदीची पट्टी घ्यायची, त्यात सॅफ्रॅनिनचा रंग किती सलग आहे ते मोजायचं, आणि रिंग तुटक असेल तर ते भोक वाहिनी म्हणून धरायचं नाही. वर्षानुवर्षं पात्यावर जमलेलं ज्ञान आता स्क्रिप्टमधल्या चार ओळींत आहे आणि त्या ओळींच्या वर मी 'मामांचा नियम' असंच लिहिलं आहे. प्रबंधाच्या आभारात त्यांचं नाव तर येईलच.

मोजपट्टीबद्दल थोडं. इमेजच्या आत 'एका पिक्सेलला इतके मायक्रॉन' हा आकडा लिहिलेला असतो. वरचं सगळं गणित त्या एका आकड्यावर उभं आहे, म्हणून तो तपासून घ्यावा. मायक्रोस्कोपच्या कपाटात स्टेज मायक्रोमीटर असतो, काचेवर एक मिलिमीटर शंभर भागांत कोरलेला. तीच काच स्लाइडसारखी स्कॅनरमध्ये घालायची. अर्ध्या मायक्रॉनच्या पिक्सेलवर त्या एका मिलिमीटरचे दोन हजार पिक्सेल भरायला हवेत. भरले. आणि इमेज जेपीईजी किंवा पीएनजी करून कुणाला पाठवली की हा आकडा वाटेत गळून पडायचा धोका असतो, तेव्हा मोजायला नेहमी मूळ फाइल किंवा हा आकडा सोबत ठेवणारी ओएमई-टिफ फाइलच घ्यावी. जेपीईजी पुन्हा पुन्हा सेव्ह केली की कडा प्रत्येक वेळी थोड्या खराब होतात, ते वेगळंच.

फाइल परळहून घरी आणायच्या म्हणजे डिस्क बॅगेत आणि बॅग लोकलमध्ये. जुलै-ऑगस्टमध्ये डिस्क झिपच्या पिशवीत, पिशवी डब्यात, डबा बॅगेत. कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलचा चेकसम, म्हणजे फाइलमधल्या सगळ्या बिटांवरून निघणारा आकडा, काढून जुळवते. एक बिट जरी बदलला तरी चेकसम जुळत नाही. दहा मिनिटं जातात, पण मोडून पडलेल्या त्या फांदीचा छेद पुन्हा मिळणार नसतो.

स्वयंचलित मोजणीवर विश्वास ठेवायच्या आधी माझ्या दोन एमएस्सीच्या विद्यार्थिनींनी आणि मी त्याच निवडक चौकोनांमधल्या वाहिन्या हाताने रेखल्या, एकमेकींचं न बघता. गंमत अशी की तिघींच्या रेषाही तंतोतंत जुळल्या नाहीत. कुणी भिंतीच्या आतल्या कडेने रेघ ओढली, कुणी मधोमध. पाणी आतल्या पोकळीतून वाहतं, म्हणून आतली कड धरायची हे तेव्हा पक्कं झालं आणि ते वहीत, स्क्रिप्टमध्ये, सगळीकडे लिहून ठेवलं. माणसा-माणसांतला फरक किती, हे कळल्याशिवाय यंत्राचा फरक कमी की जास्त हे सांगता येत नाही. आम्हा तिघींच्या रेषा एकमेकींच्या जितक्या जवळ, तितक्याच जवळ आज स्क्रिप्टच्या रेषा आमच्या रेषांच्या आहेत.

सगळ्या रेषा मी क्यूपाथमधून जिओजेसन फाइलमध्ये काढून इमेजशेजारी ठेवते. ती साध्या अक्षरांची फाइल असते, कुठल्याही कॉम्प्युटरवर उघडते. उद्या कुणाला माझी एखादी वाहिनी पटली नाही तर तो त्या रेषेवर बोट ठेवून मला विचारू शकेल.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. फांदीत वाहिनी तिरपी गेली असेल तर वीस मायक्रॉन जाडीच्या छेदात तिच्या वरच्या आणि खालच्या कडा एकमेकींवर चढतात, भिंत धूसर दिसते, आणि मोठ्या थरावरही आतली कड नक्की कुठे ते ठरवता येत नाही. मामा म्हणतात बारा मायक्रॉनचा छेद घेऊन बघू, पातं नवीन लावू. भांडुपच्या बाजूच्या फांद्या सध्या ग्लिसरीन-अल्कोहोलमध्ये मऊ व्हायला ठेवल्या आहेत. त्यांचे छेद स्कॅन होऊन आले की त्यावर पुढची पोस्ट लिहीन. स्क्रिप्ट कुणाला हवी असेल तर कळवा, मराठीत टिपा घालून पाठवते.